बिनफॉलची साडी

अकोल्याहून फोन आला तेव्हा मी गच्चीवर होते, आणि ज्या जाकिटापायी तो फोन आला होता ते जाकीट माझ्याच अंगात होतं. ऊन चढायच्या आत फोटो काढून घ्यायचे म्हणून मोबाईल स्टँडवर लावला होता. तेवढ्यात खालून आईची हाक आली. आईच्या हाका मला ओळखू येतात. भाजी लागली तर वेगळी, पाहुणे आले तर वेगळी. ही मात्र आधी कधी ऐकली नव्हती. मी तशीच जिना उतरले आणि मला पाहताच आईनं कपाळावर हात मारला.

"काढ थे आंगातलं! काढ पयले! इहीणबाईचा फोन होता."

इहीणबाई म्हणजे ताईची होणारी सासू. ताईचं साक्षगंध नुकतंच झालं होतं. पुण्यामुंबईकडे त्याला साखरपुडा म्हणतात. सोयरीक अकोल्याची, जुन्या शहरातली. लग्नाची तारीख निघाली होती, मंडपवाला ठरला होता. बाबांचं अमरावतीच्या बाजारात फुलांचं दुकान, शेत चांदूर बाजारकडे. साऱ्या गावाच्या लग्नाचे हार करता करता माणसाची कंबर वाकली, आणि आता कुठं स्वतःच्या घरचं लग्न निघालं होतं.

"त्यायनं तुह्या मोबाईलमंधी पाह्यलं," आई म्हणाली. "त्यायनं देल्लेली साडी तू कापली म्हणे. साऱ्या जगासमोर. वरून हासली म्हणे."

"कोणती साडी वं?"

"पोपटी! मोराची! साक्षगंधात मले नेसवलेली!"

मी जाकीट काढून पाहिलं. पाठीवर भला मोठा मोर होता, पदरावरचा.

आता हे साडी कापण्याचं काय प्रकरण, ते सांगते. मला कपड्यांचं वेड लहानपणापासूनचं. बाबांच्या दुकानात बसून कोणत्या फुलाशेजारी कोणतं फूल ओवायचं हे शिकले, तीच नजर पुढे कपड्यांवर गेली. कॉलेजात असताना ब्लॉग सुरू केला. मराठीत, आणि मराठीतही आमच्या वऱ्हाडीत. "भाषा जरा सुधारा," म्हणून पुण्याच्या एका बाईंनी खाली लिहिलं होतं. मी उत्तर दिलं, "बाई, कपडे पाहा नं, भाषा कायले पाहून राहिल्या?" त्या उत्तरावरच माणसं हसली आणि जमली. लिहिण्यासोबत मग व्हिडिओ आले. घरात मात्र माझ्या या कामाचं नाव 'मोबाईलचा चाळा' एवढंच होतं.

माझा ब्लॉग चालला तो आहेराच्या साड्यांवर. ज्यांच्या घरी लग्नं होतात त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. आहेराची साडी नेसायची नसते, फिरवायची असते. मामीनं दिली की आपण ती काकूच्या मुलीच्या लग्नात द्यायची, काकूनं तिच्या इहिणीला. साडी घरची की फिरती हे ओळखायचं फॉलवरून. खाली फॉल लावला की साडी घरची झाली, नाही लावला की ती पुढच्या लग्नाची वाट पाहत पडून. आईच्या कपाटाचा खालचा अख्खा खण बिनफॉलच्या साड्यांचा. कोणती कोणाकडून आली आणि ती कोणत्या गावात न्यायची नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. आणलेली साडी चुकून त्याच घरात परत गेली तर जन्माचं हसं व्हायचं.

त्या बिचाऱ्या साड्या कापून मी कुडते, जाकिटं, झोळ्या शिवायचे आणि कसं शिवलं ते दाखवायचे. बायकांनी तो प्रकार डोक्यावर घेतला. प्रत्येकीच्या कपाटात तसा खण होताच की.

त्या पोपटी साडीच्या व्हिडिओत मी कात्री घेऊन म्हटलं होतं, "देणाराले वाटते कधी देतो, घेणाराले वाटते कधी काढतो. मंग मधातल्या मधात हिचं वाटोळं! या, हिले आपण सोडवू." आणि टरकन मोराच्या कडेनं कात्री फिरवली. तो व्हिडिओ असा काही पळाला की बाप्पा रे बाप्पा! आणि पळत पळत नेमका अकोल्याच्या त्या घरात शिरला.

पण ती साडी माझ्या हातात आली कशी? आईला विचारलं तर ती म्हणाली, "म्या नाई देल्ली." आणि मला आठवत होतं ते एवढंच की ताईनं कपाट उघडून म्हटलं होतं, "ही घे, खालच्या खणातलीच हाय." मी साक्षगंधाच्या दिवशी पाहुण्यांचे फोटो काढण्यात गुंग होते. आईला नेसवलेली साडी, म्हणजे खांद्यावर टाकून कुंकू लावलेली घडी, मी धड पाहिलीही नव्हती. मी ताईचं नाव घेतलं नाही. तिचंच लग्न मोडायला आलेलं, आणि वर तिच्यावरच ठपका? ताई अचलपूरच्या एका शाळेत शिकवते. सकाळची एसटी पकडून ती कधीच निघून गेली होती.

बाबा दुकान उघडं टाकून घरी आले. मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण ते एवढंच म्हणाले, "पाय धुवून घे. अकोल्याले जायाचं हाय. पाया पडजो." न मारणाऱ्या माणसाची जास्त भीती वाटते. मी जाकीट पिशवीत घातलं, कारण इहीणबाईंनी ते आणायला सांगितलं होतं. आम्ही तिघं एसटीत बसलो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. मी खिडकीला डोकं टेकवून मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. मोठ्या मोठ्या लोकांशी फटकन बोलणारी मी, पण त्या दिवशी एक वाक्य धड जुळेना. माझ्या कात्रीनं ताईचा संसार सुरू व्हायच्या आधीच कापला, एवढंच डोक्यात होतं.

मोर्णा नदीच्या पुलावरून रिक्षा जुन्या शहरात शिरली. गल्लीच्या तोंडाशी उतरून आम्ही चालत गेलो. घरात बसायला सांगितलं, पाणी आलं. चहा आला नाही. आमच्याकडे दुश्मन आला तरी आधी चहा होतो, मग भांडण होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिनंही चहाचाच विचार केला.

"आमी का भिकारी हाओ?" इहीणबाईंनी सुरुवातच अशी केली. "म्या सोता दुकानात जाऊन पसंत केली थे साडी. अन् हे पोट्टी म्हणते कोणी नेसत नाई! साऱ्या अकोल्यात छी थू झाली आमची. माह्यी नणंद फोन करून हासली."

मी उठले, पाया पडले. "चुकलं माह्यं. मले माईत नोतं."

"माईत नोतं म्हणे! दाखव काय केलं तं."

मी जाकीट पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं, आतून पाहिलं, अस्तरावरून बोट फिरवलं. मला अजून वाटतं की त्यांना ते आवडलं होतं. पण तेवढ्यात नवरदेव बाहेर आला. कपड्यांची इस्त्री कडक, बोलणं हळू. तो आईला नाही, मला नाही, फक्त बाबांना म्हणाला,

"साडीचं जाऊ द्या. साडी गेली तर गेली. पण हिचं हे ब्लॉग-फिलॉग बंद करा. कायमचं. उद्या माझ्या ऑफिसातले लोक म्हणतील, ही याची साळी."

बाबांनी मान खाली घातली.

"आणि तुमची मोठी पाहा," तो पुढे म्हणाला, खुशीतच. "रोज सकाळी मला फोटो पाठवते, काय घातलं त्याचा. मी हो म्हटलं तरच घराबाहेर निघते. नको म्हटलं की बदलून पुन्हा पाठवते. कधी उलटून बोलली नाही. ही लहानी कुठून अशी निघाली?"

त्या फोटोंचं मला माहीत होतं. रोज सकाळी ताई आरशासमोर उभी राहायची, फोटो काढायची, पाठवायची, आणि मोबाईलकडे बघत थांबायची. मी तिला चिडवायचे, "झाली का हजेरी? पास केलं का सायबानं?" कधी कधी तर मीच तिची ओढणी नीट करून द्यायचे. मला ते प्रेमाचं काहीतरी वाटायचं. एका घरात दोन बहिणी सकाळी सकाळी कपड्यांचे फोटो काढतात, एक साऱ्या जगासाठी आणि एक एकासाठी, एवढीच ती गंमत होती माझ्या लेखी. त्या माणसाच्या तोंडून तीच गोष्ट ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पण मी तिथं माफी मागायला गेले होते. तोंड उघडलं असतं तर सगळंच फिसकटलं असतं.

"बंद," बाबा म्हणाले. "शब्द देतो मी. आजपासून बंद." मग माझ्याकडे वळून, "काय वं?"

मी म्हटलं, "हो." इतकी वर्षं ज्या कामापायी मी घरात बोलणी खाल्ली, ते काम मी एका अक्षरात सोडून दिलं. त्या घरात रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. ताईसाठी एवढं तर करायलाच पाहिजे.

आणि मग चहा आला.

परतीच्या एसटीत आई म्हणाली, "थ्या साडीच्या घडीवर पिवळी रेघ होती, लय दिवस पडून राह्यल्यावर पडते तशी. फिरतीच होती थे. म्हणे सोता पसंत केली!" मला हसू आलं. पण आई हसत नव्हती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "रोज पाठवते फोटो?"

"रोज."

आई खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर मूर्तिजापूर मागं पडत होतं.

संध्याकाळी ताई शाळेतून आली. मी दारातच तिच्या गळ्यात पडले. "जमलं ताई! सगळं जमलं! लगन होते!" ब्लॉगचं मी सांगितलंच नाही, तिला कशाला वाईट वाटू द्यायचं. ताई चपला न काढता खुर्चीवर बसली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मग उठून, वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्तानं गच्चीवर गेली. मीही मागोमाग गेले.

"काय झालं वं? खुशीची गोष्ट सांगून राहिली मी."

ती दोरीवरची बाबांची बंडी काढत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "मीच देल्ली होती तुले थे साडी."

"माईत हाय. चुकून देल्ली. म्या तुह्यं नाव नाई घेतलं."

"चुकून नाई देल्ली. मले माईत होतं कोणाची हाय थे. मले वाटलं, तू कापशील, थे पाह्यतीन, अन् थेच मोडतीन." आणि मग ती बंडी तोंडावर दाबून रडायला लागली. माझी ताई, जिला मी बाबांच्या आजारपणातही रडताना पाहिलं नव्हतं.

मग मला राग आला, आणि राग आला की मला थांबता येत नाही. "मंग सांगाचं नं तोंडानं! तोंड नाई का तुले? मी तिथं पाया पडून आली! माहं सारं सोडून आली!"

"सांगतलं होतं. आईले सांगतलं. आई म्हणे, काळजी करते तुह्यी, नशीब काढलं. बाबाले सांगाले दुकानात गेली तं बाबा मलेच इचारत होते, मंडपात शेवंती लावू का निशिगंध. माह्यं तोंडच नाई उघडलं." ती डोळे पुसत म्हणाली, "अन् तुले काय सांगू? तू तं ओढणी नीट करून देत होती माह्यी."

ते वाक्य मला अजून आठवतं तेव्हा हातातलं काम थांबतं.

खाली बाबा कोणाला तरी फोनवर सांगत होते, सगळं मिटलं, मंडप मोठा करा. आम्ही दोघी गच्चीवर उभ्या. मुलीनं लग्नाला नाही म्हटलं की खोट मुलीत. मुलाकडच्यांनी मोडलं तरी लोक मुलीतच खोट काढतात. पण तिच्या आगाऊ बहिणीपायी मोडलं, तर? मग खोट बहिणीत. बहिणीला लोक आधीपासूनच वाया गेलेली समजत होते. वाया गेलेलीचं आणखी काय वाया जाणार?

"आत्ताच सांग," मी म्हटलं. "पक्कं मोडाचं?"

"पक्कं."

"मंग सकाळी लवकर उठजो. मोबाईल तू धरजो."

सकाळी मी ते मोराचं जाकीट घातलं. इहीणबाईंनी ते परत केलं होतं, आमच्या घरात हे नको म्हणून. ताई मोबाईल धरून समोर उभी. मग मी बोलले. कोणाचं नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. "मले सांगतलं का हे बंद कर. म्या हो म्हटलं होतं. पण मंग मले वाटलं, साडीले फॉल नाई लावला तं थे फिरते, अन् पोरीले तोंड नाई फुटलं तं थेही फिरते, या घरातून थ्या घरात. म्हणून मी बंद नाई करून राहिली. ज्याले पाहाचं थ्यानं पाहा, नाई तं डोये मिटा!" आणि मोर दिसावा म्हणून गर्रकन फिरले, तर गच्चीवरच्या ओल्या कपड्यात अडकून बाबांची बंडी डोक्यावर घेतली.

ताई हसली. मोबाईलच्या मागून, खळखळून, बऱ्याच दिवसांनी. मी ते हसू व्हिडिओच्या शेवटी तसंच राहू दिलं.

दुपारच्या आत अकोल्याहून फोन आला. सोयरीक मोडली. बाबा दुकानातून आले आणि दारातच उभे राहून मला म्हणाले, "माह्या शब्दाले तू रस्त्यावर नेऊन टाकलं." त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले. ते दुकानात निघाले की मी डबा भरून ठेवायचे, तो ते आईच्या हातूनच घ्यायचे. ताई कितीदा म्हणाली, मी सांगून टाकते. मीच अडवायचे. कारण लोक तिच्याबद्दल हळहळत होते, आणि तेच मला हवं होतं.

तो व्हिडिओ माझ्या आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त चालला. यवतमाळ, नागपूर, नांदेड, कुठून कुठून बायकांनी विचारलं, आमच्या साड्यांचं करून देता का? मी शिवणाऱ्या बायका जोडल्या, एक खोली घेतली, काम वाढलं. आज मला कापडवाले बोलावतात, मुंबईला जाऊन बोलते, आणि माझा संसार या 'चाळ्यावर' चालतो. पण अमरावतीत कोणाच्या लग्नात गेले की पंगतीत कोणी ना कोणी म्हणतंच, "हेच का थे? हिच्यापायी बहिणीचं लगन मोडलं." एकदा आई शेजारीच बसली होती. मला वाटलं ती विषय बदलेल. ती त्या बाईला शांतपणे म्हणाली, "व्हय, हिच्याचपायी," आणि आपल्या पानातला लाडू उचलून माझ्या पानात ठेवला. आईला केव्हा कळलं ते मी विचारलं नाही. मूर्तिजापूरच्या आसपास कधीतरी कळलं असावं.

बाबांना मात्र नव्हतं कळलं. हळूहळू बोलायला लागले होते, पण कामापुरतं. या वर्षी ताईनं माझं ऐकलं नाही. मला घेऊनच दुकानात गेली. बाबा शेवंती ओवत होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, साडीपासून गच्चीपर्यंत.

बाबा ऐकत होते. सुई हातात तशीच. "मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी खुश होते, बाबा," ताई म्हणाली. "अन् मंग तं तुमी शब्दच देल्ला."

बाबांनी हार खाली ठेवला. गिऱ्हाईक आलं, त्याला हातानंच थांबवलं. मग मला म्हणाले, "दाखव थो तुहा व्हिडिओ. म्या पाह्यलाच नाई." मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. चष्मा वर सरकवून त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकलं, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी फिरले, बंडी डोक्यावर आली, आणि मागून ते हसू आलं.

बाबांनी मान वर करून ताईकडे पाहिलं. "हे तू हासून राहिली?"

ताईनं मान डोलावली.

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

"पुन्ना लाव," म्हणाले.